जावयाचा दगड

हॉर्का वेधशाळा,
२ जून १९९७

ती. व्लास्ताताईस,
ओताकारचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सर्दीच्या गोळ्या पोचल्या. गोळ्या घेतल्या नाहीत, कारण तोवर सर्दीच कंटाळून निघून गेली होती. पत्र मात्र दोनदा वाचलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावतेस, पण ताई, या डोंगरावर फोन एकच, आणि तो संचालकांच्या, म्हणजे डॉ. हाइदांच्या टेबलावर. ते समोर बसून सगळं ऐकतात आणि मधेच त्यांचा नमस्कार सांगायला लावतात. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की मी शोधलेल्या दोन लघुग्रहांना यंदा कायमचे क्रमांक मिळाले. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरणारे दोन काळे दगड, दुसरं काही नाही. पण क्रमांक मिळाला म्हणजे त्यांची वाट पक्की कळली, ते आता हरवणार नाहीत, आणि नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. पहिला आईचा, हे तुला बोललोच होतो. जुलैत तिच्या नामदिनाला, कॅलेंडरात तिचं नाव येतं त्या दिवशी, सांगायचं ठरवलं होतं, पण रविवारी तिच्याकडे जेवताना तोंडून निघालंच.

आईनं आधी विचारलं, तो दगड कुणाच्या कौलांवर पडणार तर नाही ना. मग विचारलं, खायच्या उपयोगाचा नाही, बांधकामाच्या नाही, मग त्याचं करतात काय. शेवटी हळूच विचारलं, त्यावर नाव कोणतं असेल. मी म्हटलं, तुझं, द्राहोस्लावा. तिनं उकडलेल्या क्नेडलिकचा लोळा पुढे ओढून दोऱ्यानं त्याचे काप केले. मग म्हणाली, तिचं खरं नाव हल्ली फक्त कबरस्तानात उरलंय. बाबांच्या दगडावर, बाबांच्या नावाखाली, शेवटच्या सालाची जागा मोकळी सोडून. आणखी एखाद्या दगडावर असलं तर चालेल, निदान जिवंतपणी असेल. मी तिला क्रमांक कागदावर लिहून दिला. तिनं तो घड्याळामागे खोचून ठेवलाय आणि आल्यागेल्याला काढून दाखवते.

आता दुसऱ्या दगडाचं. चिडू नकोस. हाइदांना नव्या घुमटाच्या उद्घाटनाला कुणीतरी मोठं माणूस हवंय, आणि या जिल्ह्यानं जन्माला घातलेलं मोठं माणूस एकच, तुझा माजी नवरा. दुसऱ्या लघुग्रहाला हानुश तुरेक हे नाव द्यावं असं त्यांनी सुचवलं. सुचवलं म्हणजे नोव्हेंबरातली तारीख ठरवूनच मला सांगितलं. मी हो म्हटलं. दगडच तो, आणि माझ्याकडे दोन आहेत.

काम फार नसतं. शोधणाऱ्यानं चार कोरड्या ओळी लिहून अमेरिकेतल्या समितीला पाठवायच्या: माणूस कोण, कशासाठी ओळखला जातो. पौर्णिमेला त्यांचं परिपत्रक निघतं, कारण लख्ख चांदण्यात आमच्या जमातीला दुसरं काही करता येत नाही. एकदा त्यात छापलं, की कोणाचा बाप आला तरी बदलत नाही. ज्याच्या नात्यातल्याला आधीच दगड मिळालेला असेल, त्याला त्या क्रमांकाशी बांधून टाकायची पद्धत आहे. गेल्या वर्षी एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या बायकोला लघुग्रह मिळाला. तिच्या ओळींत छापून आलं, अमुक क्रमांकाच्या ग्रहाची पत्नी. बाई चाळीस वर्षं पियानो शिकवत होती, त्याचं नाव नाही.

तुझा राग येईल तो टपालानंच येऊ दे. त्याच्या आत नेहमीचा लोभ असेल हे मला ठाऊक आहे.

तुझा,
ओता

---

पिल्झेन,
९ जून १९९७

चि. ओतास,
अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिळणे.

तू हो म्हटलंस. अर्थात म्हटलंस. तुझ्या जन्माच्या वेळी दाई विचारत होती, मूल रडत का नाही; मला तेव्हाच कळलं होतं, हा कुणाला नाही म्हणणारा नव्हे.

आईची बातमी वाचून मात्र दुकानातच डोळे पुसावे लागले. समोरचं गिऱ्हाईक समजलं मलाच औषधाची गरज आहे. घड्याळामागचा कागद, म्हणे. आमच्या लग्नाचा दाखला तिनं कधी असा जपला नाही, आणि ते तिचं शहाणपणच होतं.

आता हानुशचं. मी त्याच्यावर चिडलेली नाही. चिडायला माणसाबद्दल थोडा तरी आदर लागतो. त्याची मी आता फक्त मौज बघते, दुकानात रोज येणाऱ्या त्या म्हाताऱ्यासारखी, जो प्रत्येक औषधाची चव कशी आहे ते विचारतो. परवा टीव्हीवर सांगत होता, जुन्या राजवटीत त्याची गळचेपी झाली. गळचेपी! सरकारी छापखान्यात ज्याची लाखभर पुस्तकं निघाली, सरकारी स्टुडिओत ज्याच्या कादंबरीचा सिनेमा झाला, आणि ज्याला सरकारनंच तळ्याकाठी बंगला दिला, त्याचा गळा कुणी चेपला असेल तर तो कॉलरनं.

आणि ती कादंबरी! सगळ्या देशाला हसवणारी बदकमावशी: कमरेतून डुलत चालणारी, नवऱ्याच्या अंत्ययात्रेतून मधेच पळालेली, कारण बदकं शेजाऱ्याच्या शेतात शिरली होती. हे आईनं त्याला जावई म्हणून सांगितलं होतं, आपल्या स्वयंपाकघरात, डोळे पुसत. त्यानं ते चौथ्या प्रकरणात घातलं आणि वर जोडलं, की बाई नवऱ्यापेक्षा नर बदकासाठी जास्त रडली. तेव्हापासून आपल्या गावात, लिपोवेत्समध्ये, तिला नावानं हाक मारायची सोयच उरली नाही. बेकरीवाली मिलाडासुद्धा तिच्या पावाच्या पिशवीवर बदकमावशी असंच लिहिते, आणि मिलाडा तिची बालमैत्रीण!

तुला आठवत नसेल, तू तेव्हा सैन्यात होतास. पुस्तक निघाल्यावर आई बसनं प्रागला आली होती, पिशवीत साफ केलेलं बदक घेऊन. दुसऱ्या आवृत्तीत निदान ते प्रकरण गाळ, असं म्हणायला. हे सगळं माझ्या टेबलावर झालं. तो त्या बदकाचा पाय चोखत म्हणाला, आई, जे छापलं ते छापलं, साहित्यात मागे फिरता येत नसतं. आईनं ताटं उचलली आणि संध्याकाळची बस धरली. मी महिन्याभरानं बॅग उचलली. अकरा वर्षांत तेवढं एकच काम आम्ही मायलेकींनी सारख्याच झपाट्यानं केलं.

असो. त्याला दगड द्यायचाच असेल तर दे. खडीच्या ढिगात आणखी एक खडा. फक्त त्याच्या चार ओळी मला लिहू दे. घे: "हानुश तुरेक (जन्म १९३४), चेक लेखक. द्राहोस्लावा वान्कोव्हा यांचे अकरा वर्षं जावई होते. पाहा, त्यांचा लघुग्रह. तिथे त्यांची जेवणाची चांगली सोय झाली." कशी वाटते? तुझ्या त्या पियानोवाल्या बाईचा सूडही उगवला जाईल.

थंडीत कान झाक. माझी माया आहे तेवढीच आहे, ती हाइदाला नमस्कार सांगण्यात वाया घालवू नकोस.

तुझी,
ताई

---

प्राग,
२० ऑगस्ट १९९७

प्रिय व्लास्ता,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

इतक्या वर्षांनी माझं हस्ताक्षर पाहून तुझा हात थरथरेल. शांत हो. मी जुनं काही उकरायला लिहीत नाही.

तुझ्या भावाच्या दुर्बिणीनं मला आकाशात जागा दिली हे तुझ्या कानावर आलंच असेल. डॉ. हाइदांनी कळवलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. मला प्रसिद्धीचा किती तिटकारा आहे ते तुला ठाऊक आहे. पण मग वाटलं, नकार देणं हाही एक प्रकारचा गर्व. म्हणून नम्रपणे होकार दिला आणि दोन वर्तमानपत्रांना तसं कळवलं.

आता मुख्य गोष्ट. हाइदा सांगत होते, ओताकारकडे आणखी एक बिननावाचा दगड आहे आणि तो त्याला तुझ्या आईंना द्यायचा आहे. कल्पना हृदयस्पर्शी आहे, पण जरा घरगुती. द्राहोस्लावा या नावाला कोण ओळखतं? बदकमावशीला सगळा देश ओळखतो. मी सुचवलं, की त्या दगडाला बदकमावशी हेच नाव द्यावं. लेखक आणि त्याची नायिका, एकाच पट्ट्यात, अनंतकाळ! हाइदांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंनाही अमरत्व मिळेल, आणि तेही मी दिलेल्या नावानं, म्हणजे ते पुन्हा कुटुंबातच राहील. त्या काळात त्या थोड्या दुखावल्या होत्या, मला ते कळलं नव्हतं असं नाही. ही माझ्याकडून भरपाई समज.

ओताकार भिडस्त आहे, आणि आईचं तो ऐकेल. तू दोघांना समजावून सांग. आणि जाता जाता त्याला विचार, दोन्हींत मोठा दगड कुठला. मला स्वतःसाठी काही नको, पण नायिका लेखकापेक्षा मोठी असणं वाचकांना विचित्र वाटेल.

समारंभाला ये. तुझ्यासाठी तिसऱ्या रांगेत जागा ठेवायला सांगितली आहे.

तुझ्या आठवणींत जिला थोडी जागा असेल अशा मैत्रीची अपेक्षा करणारा,
हानुश

---

पिल्झेन,
२४ ऑगस्ट १९९७

चि. ओतास,
आशीर्वाद.

सोबत एक पत्र जोडलंय. वाचून झाल्यावर हात धू.

पत्र वाचताना माझा हात खरंच थरथरला. अगदी त्यानं म्हटल्याप्रमाणे. मी वाटीत औषध मोजत होते आणि अर्धं टेबलावर गेलं.

तेव्हा आता गमती बास. तू हो म्हणालास का? मला सरळ उत्तर हवंय. हाइदाला काय वाटतं, समितीला काय वाटतं, घुमटाला काय वाटतं, हे नकोय. आईचा दगड तिच्या नावाचा होणार की त्याच्या टिंगलीचा? तिला आयुष्यभर या नावानं गावात फिरवलं, पडद्यावर पोटाला उशी बांधलेल्या एका बाईकडून तिच्या चालीची नक्कल करवून घेतली, आणि आता तिला वर टांगायचं, जिथून कोणाचा बाप आला तरी उतरवत नाहीत. आणि हे सगळं तुझ्या सहीनं, ओता. त्याच्या नव्हे.

तो तुला भिडस्त म्हणतो. मला कोणी भिडस्त म्हटलं असतं तर मी त्याच्या दाराशी जाऊन खिडकीची काच फोडली असती. तू निदान एक नाही म्हण. सरावासाठी.

समारंभाला मी येत नाही. तिसऱ्या रांगेतून मला त्याचं टक्कल दिसेल आणि मी हसेन.

मनात माया आहे, पण सध्या ती दाराबाहेर उभी आहे. बातमी चांगली आली तर आत घेईन.

ताई

---

हॉर्का वेधशाळा,
७ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ उत्तर देतो. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. हाइदांनी दोन्ही मसुदे स्वतःच लिहिले, तुझ्या हानुशचा तर अकरा ओळींचा. मी सांगितलं, चार पाठवता येतात. ते म्हणाले, या माणसाला चार पुरत नाहीत. मग कापून चार केल्या आणि पहिल्याच ओळीत 'जगप्रसिद्ध' ठेवला. दुसरा मसुदा एका ओळीचा: बदकमावशी, तुरेक यांच्या अजरामर कादंबरीतलं अजरामर पात्र. मी म्हटलं, हा दगड आईला दिलेला आहे. ते म्हणाले, मग काय झालं, आईच तर आहे ती. त्यांना खरंच वाटतं की ते आईचा सत्कार करताहेत. दुष्ट माणसाशी भांडता येतं ताई, या माणसाशी कसं भांडायचं?

रविवारी आईला सांगितलं. वाटलं रडेल. तिनं घड्याळामागचा कागद काढला, घडी सरळ केली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, मग राहू दे. बदकमावशीला या देशात जागा भरपूर आहे, वर कशाला. मग म्हणाली, मी डोंगरावर नोकरी करतो, संचालकाशी वाकडं घेऊ नये, आणि थंडी सुरू झाली, लोकरीची बनियन घालतोस का. निघताना मात्र फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, एक कागद करून ठेव, ती मेल्यावर तो माणूस कबरस्तानात येऊन तिच्या दगडावर काही कोरणार नाही असा. ताई, ती हे गमतीनं म्हणत नव्हती.

तुझ्या त्या चार ओळींनी मात्र मला एक ढगाळ रात्र काढून दिली. कंटाळा आला होता म्हणून त्यांचं इंग्रजी केलं. समितीच्या भाषेत त्या फार रुबाबदार वाटतात. हाइदांच्या ओळींखालीच टाइप करून ठेवल्यात, कधी हसावंसं वाटलं तर. जेवणाच्या सोयीची ओळ गाळली, त्यांच्यात जेवणाबद्दल लिहीत नाहीत.

हाइदांनी मसुद्यांवर सही केली आहे. आज सगळं संगणकावरून पाठवायचं आहे. मी काय करू? मला याच डोंगरावर राहायचं आहे.

तुझी माया दाराबाहेरच राहिली तरी माझं म्हणणं नाही. फक्त तिला थंडी वाजू देऊ नकोस.

ओता

---

हॉर्का वेधशाळा,
१६ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दोन महिन्यांत एकही पत्र नाही. मी ते समजू शकतो. पण हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

शुक्रवारी, चौदा तारखेला, उद्घाटन झालं. पौर्णिमा हाइदांनीच निवडली होती: परिपत्रक त्याच संध्याकाळी अमेरिकेतून येणार, ते ताजं ताजं वाचून दाखवायचं. पौर्णिमेला वेधशाळेचं उद्घाटन करणारा जगातला पहिला संचालक. आकाश दुधासारखं, एक धड तारा दिसेना. संत मार्तिनचा सण नुकताच झालेला, त्यामुळे पाहुण्यांना भाजलेलं बदक, कोबी आणि क्नेडलिक. हाइदा सगळ्यांना सांगत होते, की हा कादंबरीला मुजरा आहे. मंत्रालयातून उपमंत्री आले होते. अख्खं लिपोवेत्स ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वर आलं होतं. आई पहिल्या रांगेत, काळ्या ड्रेसमध्ये. तिला हाइदांनी गाडी पाठवून आणवलं. नाही म्हणायला तिलाही जमलं नाही. मी तिच्यावरच गेलोय.

आधी पडद्यावर चित्रं दाखवली. एकाच जागेची, थोड्या थोड्या वेळानं काढलेली तीन. तारे जागच्या जागी जरासे थरथरतात, लघुग्रह टुणटुण पुढे सरकतो. हाइदांनी हानुशला विनंती केली, की आपण स्वतःला ओळखावं. तो उठला, काठी टेकत पडद्यापाशी गेला आणि सगळ्यात झगझगीत ठिपक्यावर बोट ठेवलं. मग बोलला. हा बघा, म्हणाला, बाकीचे थरथरताहेत, हा एकटा अढळ, एकटा तेजस्वी, कोणापुढे न वाकणारा. फोटो निघाले. ताई, तो ठिपका आमच्या कॅमेऱ्यातला बिघाड आहे. उन्हाळ्यापासून एक बिंदू मेलाय आणि प्रत्येक चित्रात तसाच पेटलेला दिसतो. त्या पडद्यावर आकाशात नसलेली एकच गोष्ट होती, ती त्यानं निवडली. हाइदांना ते माहीत होतं. त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

मग परिपत्रक आलं. हाइदा छपाईयंत्रातून कागद काढून चष्मा शोधू लागले, तेवढ्यात उपमंत्र्यांनी तो घेतला. त्यांनी लंडनला सहा महिने इंग्रजी शिकलंय आणि ते वापरायला त्यांना संधी मिळत नाही. मोठ्यानं, ओळीओळीचं भाषांतर करत वाचू लागले. पहिला लघुग्रह: द्राहोस्लावा. द्राहोस्लावा वान्कोव्हा, लिपोवेत्सच्या रहिवासी, शोधकर्त्याच्या आई. रात्रपाळीच्या निरीक्षकांना वीस हिवाळे यांच्या पिसांच्या रजया आणि यांचं सूप मिळत आलं आहे. एवढंच. हाइदा माझ्याकडे बघायला लागले. मी घुमटाकडे बघायला लागलो. दुसरा लघुग्रह, उपमंत्री म्हणाले: तुरेक. हानुश तुरेक, चेक लेखक. अकरा वर्षं द्राहोस्लावा वान्कोव्हा यांचे जावई होते. पाहा, आणि इथे त्यांनी आईच्या दगडाचा क्रमांक खणखणीत आवाजात वाचला, दोनदा, कारण त्यांना आकडे चांगले येतात. मग कागद उलटून पाहिला, पुढे काही आहे का. नव्हतं.

मग मागे ट्रॉलीवाल्यांत कोणीतरी नाकातून आवाज काढला आणि ते पसरलं. हानुश उभाच होता, पडद्यावरचा त्याचा तेजस्वी ठिपका नेमका त्याच्या कपाळावर. बेकरीवाली मिलाडा मधल्या वाटेनं चालत पुढे आली, आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, अभिनंदन, द्राहोस्लावा. आई म्हणाली, बस खाली, लोकांना दिसत नाही.

हाइदांना मी सांगितलंय की चूक झाली. खालच्या ओळी वर गेल्या, वरच्या खाली राहिल्या, रात्री एक बटण चुकीचं दाबलं गेलं. ते लगेच संगणकावरून अमेरिकेला पत्र लिहायला बसले. उत्तर आलंही: छापलेलं बदलत नाही. मला वसंतापर्यंत पायऱ्यांवरचा बर्फ काढायची शिक्षा आहे. तुलाही तेच सांगतो, चूक झाली.

माया आत घेतली असशील तर कळव.

ओता

---

पिल्झेन,
२० नोव्हेंबर १९९७

चि. ओतास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग बसावं लागलं. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, हो, एक जगप्रसिद्ध माणूस.

चूक, म्हणे. एक चूक मी मानली असती. दोन वेगवेगळ्या चुका, ज्या एकमेकींना बरोबर क्रमांकानं ओळखतात, त्यातल्या एकीत सूप आणि रजया, याला मी चूक म्हणत नाही. पण तू म्हणत राहा. हाइदासमोर म्हण, आईसमोर म्हण, आरशासमोरही म्हण. नाही म्हणण्याची इतकी वळणाची रीत आपल्या घराण्यातच निघावी. जन्मलास त्या दिवशी रडला नव्हतास, तेव्हा तू काहीतरी आतल्या आत लिहून ठेवत असणार.

वर्तमानपत्रात तो फोटो आलाय, तू पाहिलास का? बाण काढून दाखवलाय: हाच तो लघुग्रह. मी तो कापून दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दिवसभर अंगदुखी ऐकून कंटाळा आला की बघते. एवढं स्वस्त औषध आमच्याकडे दुसरं नाही.

एकच सांगते. तो माणूस आता गप्प बसणार नाही. तुझ्याकडे येणार नाही, तुला तो माणसात धरत नाही. माझ्याकडे यायची त्याची हिंमत नाही. तो आईकडे जाईल. ती बिचारी विरघळेल, तिला पाहुणा रडवेला झालेला बघवत नाही. तिला म्हणावं, दार उघडू नकोस.

माया आत आली आहे, शेगडीपाशी बसली आहे. बर्फ काढताना पाठ सांभाळ.

ताई

---

लिपोवेत्स,
१४ डिसेंबर १९९७

चि. व्लास्तास,
आईचे आशीर्वाद.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. बोटांना पिसं लागलीत. ओता सांगत होता, दार उघडू नकोस म्हणून तू कळवलंस. उघडलं. बाहेर बर्फ होता.

तो गुरुवारी आला, दुपारच्या बसनं. गाडीनं आला नाही, गावात कोणी बघेल म्हणून. फुलं आणली होती, पण घाईत जोडीजोडीनं आणली, मयताला नेतात तशी. मी एक काढून खिडकीत ठेवलं आणि उरलेली पाण्यात घातली. बस म्हटलं. सूप दिलं. सूप दोनदा घेतलं. भूक अजून चांगली आहे.

मग रडायला लागला. लोक हसतात, म्हणाला. प्रकाशकाकडे गेला तर तिथल्या मुली विचारतात, सासूबाई कशा आहेत. माझ्या ओताला मी सांगावं, म्हणाला, म्हणजे तो अमेरिकेला लिहील की सगळं चुकीचं आहे. शोधणाऱ्यानं स्वतः लिहिलं तर ते ऐकतील. मग म्हणाला, बदल्यात तो पुढच्या वर्षीच्या नव्या आवृत्तीतून बदकमावशी हे नाव काढून टाकेल. अंत्ययात्रेचं प्रकरण पण. एका दिवसाचं काम आहे, म्हणाला.

व्लास्ता, तुला खोटं सांगत नाही, माझं मन हललं. एका दिवसाचं काम. मी त्याला विचारलं, म्हणजे मागे फिरता येत होतं तर? त्यानं चमचा खाली ठेवला. आठवलं त्याला. मला वाटलं होतं आठवणार नाही.

मी म्हटलं, बाबा, जे छापलं ते छापलं. तूच सांगितलंस मला, आणि तुला जास्त कळतं, तू शिकलेला. माझ्या ओताला मी काही सांगणार नाही. तुझं पुस्तक तसंच राहू दे, तुझा दगड तसाच राहू दे, आणि माझा पण.

परतीची बस संध्याकाळी होती. त्याला कुठे घालवू? आमच्याकडे टेबलावर पिसं काढलेली होती, मिलाडा आणि दोघी शेजारणी आल्या, दर हिवाळ्यात येतात तशा. मी त्याला खुर्ची दिली आणि पिशवी पुढे ठेवली. सांगितलं, मऊ भाग देठापासून ओढून काढायचा, देठ इकडे, पीस तिकडे, आणि शिंकायचं नाही. या बायकांवर पुस्तक लिहिलं आणि यांच्यात कधी बसला नव्हता. बायकांनी काही टोचून बोललं नाही. मिलाडानं फक्त मला हाक मारून कात्री मागितली, नावानं. दोनदा मागितली. तिला कात्री नको होती.

बस आली तेव्हा टोपीवर पिसं घेऊनच गेला.

त्यानं काढलेली पिसं मी वेगळ्या पिशवीत ठेवली आहेत. देठ अर्धे तसेच आहेत, उशीत टोचतील. ती सगळी मला पुन्हा काढावी लागणार. नाताळाला तू येशील तेव्हा दोघी मिळून बसू. येताना सुती दोरा आण, आणि लोभाचं वगैरे लिहायला बोटं राहिली नाहीत, ते तू समजून घे.

तुझी आई,
द्राहोस्लावा वान्कोव्हा